छपरातून उजेड घेताना

बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत स्वयंपाकघरात भरदुपारी बल्ब लावावा लागतोय, अशी घरं आपल्या कुरुंद्यात किती असतील? मोजायला बसलो तर गल्लीच्या गल्ली निघेल. कारण साधं आहे. घराची वाटणी झाली की मधल्या खोलीच्या दोन्ही बाजूंना भाऊबंदांच्या भिंती येतात. पुढची खोली माणसांच्या बैठकीला, मागं न्हाणी, आणि खिडकीला जागाच नसलेली मधली खोली चुलीच्या वाट्याला. म्हणजे घरातली सगळ्यात अंधारी जागा, आणि दिवसातले सगळ्यात जास्त तास तिथं राबणारी घरची बाई.

त्या अंधारात आपण काय काय करतो? डाळीतला खडा शोधतो, सुईत दोरा ओवतो, लेकराच्या पायातला काटा काढतो, हळकुंडं निवडतो. लाइट गेली की दार उघडून उंबऱ्यावर बसतो. डब्यामागं, सरपणामागं विंचू बसलाय का ते दिसत नाही, म्हणून हात घालायची भीती. उजेड ही काही चैनीची गोष्ट नव्हे. म्हणून आज आपण छपरातून उजेड कसा घ्यायचा, ते नीट समजून घेऊ. काम मिस्त्रीच करणार, पण त्याला काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते आपल्याला माहीत हवं.

जुन्या घरातलं सानं

ही कल्पना काही शहरातून आलेली नाही. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना सानं असायचं. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलचा, पाला आणि वर मातीचा जाड थर. त्या थरात चुलीच्या वरच्या अंगाला एक भोक ठेवायचे. त्यातून उजेडाचा कवडसा खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की कुणीतरी माळवदावर चढून त्यावर घमेलं पालथं घालायचं. कोकणात कौलारू घरं, म्हणून तिकडं चार मातीच्या कौलांमध्ये एक काचेचं कौल बसवतात. युक्ती तीच.

मग सानं गेलं कुठं? माळवदासोबत गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माथ्यावर मातीचं जड छप्पर, हे त्याचं मोठं कारण होतं. मराठवाड्याला माळवदाची धास्ती बसली. त्यातच चांगलं लाकूड महागलं, माती टाकणारे हात कमी झाले आणि पत्रा सोयीचा वाटू लागला. पत्रा आला, पण सान्याची जागा कुणी राखली नाही. घर हलकं झालं आणि अंधारं झालं.

उजेडाला भोक किती लागतं?

इथंच बहुतेक घरांत चूक होते. एकदा खर्च करतोच आहोत, तर अख्खा पत्रा पारदर्शक टाकू, असं ठरतं. तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब पट्टी बसते. पहिले चार दिवस घर लखलखतं. मग एप्रिल येतो आणि त्या खोलीत उभं राहवत नाही. शेवटी त्या पट्टीवर पोतं टाकावं लागतं, आणि घर पुन्हा अंधारं.

थोडा हिशेब करू. भर उन्हात एक चौरस फूट जागेवर जितका उजेड पडतो, त्यातला निम्माच आत आला असं धरलं, तरी तो नऊ वॉटच्या पाच एलईडी बल्बांएवढा होतो. एक चौरस फूट म्हणजे स्टीलच्या मोठ्या ताटाएवढी जागा. ढग दाटून आले की हाच उजेड दहा पटीनं कमी होतो. म्हणून पावसाळ्यातल्या दिवसाचाही विचार करून चार चौरस फूट, म्हणजे दोन फूट बाय दोन फूट, एवढी जागा धरली तर दहा बाय बाराच्या खोलीला पुरते. ढगाळ दुपारीही दोन बल्बांचा उजेड मिळतो.

आता उन्हाचा हिशेब. उजेडासोबत उष्णता येतेच. चार चौरस फुटांतून भर उन्हात साधारण दोनशे वॉट उष्णता आत येईल. खोलीत दोन माणसं जास्तीची येऊन बसली, तर त्यांच्या अंगाची जितकी ऊब होते, तितकीच ही. पण तीन बाय आठची पट्टी म्हणजे चोवीस चौरस फूट. तिच्यातून येणारी उष्णता हजार वॉटच्या वर जाते. घरात विजेची शेगडी दुपारभर पेटवून ठेवल्यासारखं ते आहे. म्हणून पहिला नियम हा: भोक लहान ठेवा.

कोणत्या बाजूला?

छपराला दोन उतार असतील तर उत्तरेकडचा उतार निवडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळं उत्तरेच्या उतारावर ऊन तिरपं आणि सौम्य पडतं. मे महिन्यात मात्र सुटका नाही. आपल्या भागात मे महिन्याच्या मध्यानंतर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, अंगणातल्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी जाते. तेव्हा उत्तर काय नि दक्षिण काय, दोन्हीकडं तापतं. म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने त्या पट्टीवर बाहेरून शेडनेटचा दुहेरी तुकडा किंवा बांबूचा तट्ट्या बांधता येईल, अशी दोन कड्यांची सोय आधीच करून ठेवा. सावली बाहेरूनच हवी. आतून पडदा लावला तर ऊन घरात शिरल्यावर आपण ते अडवतो, आणि त्याची धग आतच राहते.

खाली काय येणार तेही बघा. पट्टी चुलीच्या अगदी डोक्यावर नको, तेलकट धुरानं ती वर्षभरात काळी पडते. ओट्याच्या किंवा निवडण-टिपण करायच्या जागेच्या वर असावी. आणि हळदीचं पोतं तिच्या खाली ठेवू नका. आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची किंमत तिच्या पिवळेपणात आहे. हळदीचा रंग उजेडानं उतरतो. निवडायला उजेडात घ्या, ठेवायला अंधारात ठेवा.

कोणता पत्रा?

दुकानात दोन प्रकार दिसतील. एक फायबरचा, म्हणजे काचेचे धागे घालून केलेला. तो स्वस्त पडतो, पण काही वर्षांत पिवळा पडतो आणि वरचे धागे उघडे होतात. दुसरा पॉलिकार्बोनेटचा. तो जरा महाग, पण गारा आणि वानरांच्या उड्या जास्त सोसतो. घेताना चार गोष्टी बघा.

एक, रंग. काचेसारखा स्वच्छ नको, दुधी घ्या. स्वच्छ पत्र्यातून एकाच जागी डोळे दिपवणारा कवडसा पडतो आणि बाकी खोली तशीच काळी राहते. दुधी पत्रा उजेड सगळीकडं पसरवतो. न्हाणीघरासाठी तर दुधीच हवा. खिडकी नको, वरून कुणाला दिसायला नको आणि आत मात्र लख्ख उजेड, ही सोय बाईमाणसाला किती मोलाची, ते वेगळं सांगायला नको.

दोन, पन्हळी. जुन्या पत्र्याचा एक तुकडा सोबत न्या आणि नव्याच्या पन्हळी त्यावर ठेवून बघा. पन्हळीला पन्हळ बसली नाही तर फट राहते, आणि त्या फटीला सिलिकॉन किती लावणार?

तीन, वरची बाजू. पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याला उन्हापासून वाचवणारा थर बहुतेक वेळा एकाच बाजूनं असतो. कोणती बाजू वर, ते त्यावरच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद फाडण्याआधी वाचा. उलटा बसवला तर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो.

चार, देखभाल. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढंच त्याला लागतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका. घर थंड राहावं म्हणून आपण पत्र्यावर चुना मारतो, ते चांगलंच आहे, पण चुना या पट्टीवर येऊ देऊ नका. चुन्यानं हे प्लास्टिक खराब होतं.

बसवायचं कसं?

पत्र्याच्या मधोमध भोक पाडून त्यावर तुकडा चिकटवला तर तो गळणारच. पाणी वरून वाहत येतं आणि त्या तुकड्याच्या वरच्या कडेखाली शिरतं. योग्य पद्धत अशी, की वरचा पत्रा पट्टीच्या वर यावा आणि पट्टी खालच्या पत्र्यावर यावी, माशाच्या खवल्यांसारखं. त्यासाठी एक पत्रा काढून त्याचे दोन तुकडे करतात आणि मध्ये दुधी पट्टी बसवतात. वर आणि खाली, दोन्हीकडं किमान सहा इंचांचा दुपदर हवा. उतार कमी असेल तर आठ-नऊ इंच. आणि हा दुपदर आडव्या पाइपावर किंवा बल्लीवरच आला पाहिजे, अधांतरी नाही. म्हणून पट्टीची लांबी आपल्या मनानं ठरत नाही, दोन पाइपांमधल्या अंतरानं ठरते. चारऐवजी पाच-सहा चौरस फूट उघडं राहिलं तरी चालेल, त्यासाठीच शेडनेटची सोय सांगितली.

बाजूच्या दुपदराचंही एक गमक आहे. आपल्याकडं पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेकडचा पत्रा पट्टीच्या वर आणि पट्टी पूर्वेकडच्या पत्र्याच्या वर. म्हणजे उघडी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्यात पाणी घुसवत नाही. दीड ते दोन पन्हळींचा दुपदर घ्या.

स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. स्क्रूखाली रबरी वायसर हवाच. आणि दुधी पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायला सांगा. प्लास्टिक उन्हात पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतं. तीन मीटरची पॉलिकार्बोनेटची पट्टी थंड पहाट आणि तापलेली दुपार यांच्यातल्या चाळीस अंशांच्या फरकानं जवळपास आठ मिलिमीटर लांबते. तेवढाच लोखंडी पत्रा दीड मिलिमीटरही लांबत नाही. भोक घट्ट असेल, स्क्रू करकचून आवळला असेल, तर पट्टीला हलायला जागा मिळत नाही आणि ती भोकापाशीच चिरते. बहुतेक गळती सुरू होते ती इथून.

पत्र्यावर दगड नको

आता सगळ्यात महत्त्वाचं. पत्रा उडू नये म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो. जुनं जातं, फुटका पाटा, विटा, जे सापडेल ते. उजेडाची पट्टी बसवली की तिच्या कडेला आणखी दोन दगड चढतात. आपल्या भागात हे चालणार नाही.

वसमत, औंढा, कळमनुरी या पट्ट्यात जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात, हे आपल्याला नवं नाही. पांगरा शिंदे, वापटी ही नावं त्यासाठीच वर्तमानपत्रांत येतात. २१ मार्च २०२४ ला पहाटे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ ला सकाळी सातनंतर पुन्हा तेवढाच बसला. मार्चच्या धक्क्यानंतर पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन प्रशासनानंही केलं होतं. पत्रा हलका, तो पडला तरी माणूस वाचू शकतं. पण त्यावरचा दहा किलोचा दगड झोपलेल्या लेकराच्या अंगावर आला तर? आणि दुधी पट्टी तर दगड मुळीच पेलत नाही.

दगडाला पर्याय आहे, आणि तो महाग नाही. जे-हुक पाइपाला खालून अडकवून वर नटानं आवळतात. लोखंडी पाइप असेल तर त्यातच बसणारे स्क्रू मिळतात. छपराच्या कडेला, म्हणजे वारा जिथून पत्रा उचलतो तिथं, हुक जवळजवळ घ्या. उजेडाच्या पट्टीसाठी मिस्त्री वर चढणारच आहे. त्याच दिवशी, त्याच मजुरीत, घरावरचे सगळे दगड खाली उतरवून घ्या. आमच्या मते या सगळ्या कामातला हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

ज्यांचं अजून माळवदच आहे, त्यांनी नवं भोक पाडू नये. तुळईला तर हातच लावायचा नाही. जुनं सानं असेल तर त्याच्याभोवती सहा इंच उंच कठडा बांधून वर उतरतं दुधी झाकण बसवा. आणि दरवर्षी गळती थांबवायला मातीवर माती टाकत गेल्यानं थर किती जाड झाला आहे, ते जाणत्या मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्या.

चढताना सांभाळा

दुधी पट्टीवर पाय देऊ नका. ती पत्र्यासारखी दिसते, पण माणसाचा भार घेत नाही. दोन पाइपांवर आडवी फळी टाकूनच काम करायचं. खालून लोखंडी जाळी बसवली तर पुढं कुणी चुकून पाय दिला तरी खाली पडणार नाही, मांजर आणि वानरही आत येणार नाही.

काम सुरू करण्याआधी खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याला घासत नाही ना, ते बघा, आणि घरातला मेन स्विच बंद करा. सिमेंटचा जुना पत्रा असेल तर तो करवतीनं कोरडा कापू नका. त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते आणि कायमची बसते. तो कापायचाच नाही, अख्खा काढून त्या जागी दुसरा टाकायचा. काढताना पाणी मारून ओला ठेवायचा आणि लेकरांना लांब ठेवायचं.

घरकुल बांधत असाल तर

जुलै २०२२ मध्ये गावात पुराचं पाणी घरांत शिरलं, त्यानंतर अनेकांनी घरं डागडुजी केली, काहींनी नव्यानं बांधली. घरकुल योजनेतून कितीतरी स्लॅब पडताहेत. स्लॅब टाकून झाल्यावर त्यात भोक पाडणं धोक्याचं, कारण आतल्या सळया कापल्या जातात. म्हणून उजेडाची जागा स्लॅब पडण्याआधी सांगा. लाकडी चौकट बसवून तेवढी जागा मोकळी ठेवतात, तिच्या चारी बाजूंना जास्तीच्या सळया टाकतात आणि वर सहा ते आठ इंचांचा कठडा ओततात. पाणी आत येत नाही आणि गच्चीवर कुरडया-पापड वाळवताना खेळणारं लेकरू त्यावर पाय देत नाही. तिथंही जाळी हवीच. स्लॅबच्या दिवशी मिस्त्रीपाशी उभं राहून हे सांगणं आपलं काम आहे. घरधनी विसरतील, कारण त्या खोलीत दिवस काढायचा असतो आपल्याला.

पैसे कमी असतील तर

ब्राझीलमध्ये उबेराबा गावच्या आल्फ्रेदो मोझेर नावाच्या मेकॅनिकनं २००२ मध्ये, लाइट सारखी जात असताना, एक युक्ती काढली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली पाण्यानं भरायची, पाणी हिरवं पडू नये म्हणून त्यात दोन टोपणं ब्लीच घालायचं आणि पत्र्याला बाटलीएवढं गोल भोक पाडून ती अशी बसवायची, की साधारण एक तृतीयांश भाग वर राहील आणि बाकीची खोलीत लोंबेल. वरचं ऊन पाण्यात शिरून वाकतं आणि चारी बाजूंना फाकतं. भर उन्हात चाळीस ते साठ वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतका उजेड पडतो. २०११ पासून फिलिपिन्समध्ये ही बाटली हजारो झोपड्यांत गेली.

आपल्या न्हाणीघराला, कोठीला, शेळ्यांच्या गोठ्याला ही पुरेशी आहे. पण तिथंही गळतीचा प्रश्न आहेच. बाटली आधी पत्र्याच्या लहान तुकड्यात घट्ट बसवून घ्या, मग तो तुकडा छतावर स्क्रू आणि सिलिकॉननं बसवा. ऊन लागून बाटली काही वर्षांत ठिसूळ होते, तेव्हा ती बदलायची.

धुराचं काय?

जुन्या सान्यातून धूर जायचा. ही नवी पट्टी बंद असते, तिच्यातून धूर जात नाही. चूल पेटत असेल, आणि गॅस असूनही पाणी तापवायला, भाकरीला ती पेटतेच, तर धुराला वेगळी वाट द्या. भिंतीच्या अगदी वर, पत्र्याच्या खाली, जाळीचा झरोका ठेवा. समोरासमोर दोन असतील तर फारच चांगलं. गरम हवा वर चढते, तिला वरूनच बाहेर जाऊ द्या. पट्टीची उष्णताही त्याच वाटेनं निघून जाईल.

हे काम हिवाळ्यात किंवा होळीनंतर लगेच काढा, मृगाच्या तोंडावर नको. तेव्हा मिस्त्री सापडत नाही आणि सापडला तरी घाई करतो. मजुरीचे सगळे पैसे देण्याआधी एक करा. कुणाला तरी शिडीवर चढवून पट्टीच्या वरच्या अंगाला चार घागरी पाणी ओतायला सांगा, आणि तुम्ही आत खाली उभ्या राहा. थेंब आला तर तो आत्ताच दिसू दे, जुलैच्या रात्री नको. कोरडं राहिलं तर मिस्त्रीदादांना चहा द्या, पैसे द्या आणि उतरवलेले दगड पुन्हा वर जाणार नाहीत याची काळजी घ्या. त्या दगडांचा अंगणात तुळशीभोवती चांगला ओटा होतो.